खांबाचा खड्डा

भाचा हैदराबादेत असतो, गजेंद्र.
त्यानं पाकीट पाठवलं, मामीच्या साखरेवर.
दोनशे ग्रॅम लाल, सुरकुतलेले दाणे.
किंमत वाचून मी चष्मा पुसला,
पुन्हा वाचली.
तेवढ्यात वसमतच्या मोंढ्यात
तीन किलो हळकुंडं येतात.

पद्मिन म्हणाली, गोजी.
मी म्हणालो, कोण गोजी?

तिनं चार खाल्ले, तोंड वाकडं केलं.
पाच रात्री वाटीत भिजत टाकले.
सकाळी नखानं फोडून
टोमॅटोच्या बियांसारखं पिवळं, बारीक काहीतरी
बशीत वेगळं काढलं,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं,
"तुम्हाला रिकामा वेळ आहे का?"

रिटायर लाइनमनला असं विचारू नये.

पहिल्या साली एकोणीस उगवली.
परसातली काळी माती,
सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी.
आठवड्यात सगळ्यांनी माना टाकल्या,
बुडाशी दोऱ्याएवढी होऊन आडवी.
खातूनबी भिंतीवरून वाकली :
"मिरची है क्या जी?"
मेली, म्हणालो.
"मरी हुई मिरची," म्हणत ती भाकरी उलटायला गेली.

दुसऱ्या साली मातीकडं नीट पाह्यलं.
ही मला काय नवी?
तीस वर्षं हिच्यात खांब रोवले,
औंढ्यापासून कुरुंद्यापर्यंत.
पावसात फुगते,
उन्हाळ्यात पाय जाईल एवढी फाटते.
धरते तेव्हा सोडत नाही,
सोडते तेव्हा धरत नाही.
खांबाच्या खड्ड्यात आम्ही मुरूम ठोकायचो,
दगड घालून, पहारीनं, थरावर थर.
झाडाला कामून येगळा न्याय?

गुडघाभर खड्डा काढला.
तळाला विटांचा चुरा, वर टेकडीचा मुरूम,
पडलेल्या भिंतीचा जुना चुना मूठभर,
शेणखत,
काळी माती नावाला.
पाणी चार दिवसाआड.
नळही चार दिवसाआडच येतो.

एकच रोप जगलं.
फांद्या लोंबल्या, सर्व्हिस वायरी लोंबाव्यात तशा.
स्टोअरात जमा न केलेली थोडी तार होती
(ऑडिट होऊन गेलं, आता सांगायला हरकत नाही),
ती ताणून बांधल्या.
काटे आहेत, बारीक.
हातमोज्यांच्या सवयीनं
उशिरा कळलं.

मे महिन्यात सगळी पानं गेली, काडी उरली.
पद्मिन काही बोलली नाही,
फक्त तांब्या जास्वंदीकडं वळवला.
मी नखानं साल खरवडली,
टेस्टर लावावा तशी.
आत हिरवं.
लाइन चालू होती.

तिसऱ्या साली, दिवाळीच्या आगंमागं,
जांभळी फुलं, वांग्याच्या फुलाची धाकटी बहीण,
आणि मग अकरा फळं.
आठ बुलबुलांनी नेली.
एक खातूनबीला दिलं, भिंतीवरून.
तिनं चावलं, थांबली,
"टमाटे कू गुस्सा आया तो ऐसा लगता."
एक पद्मिननं खाल्लं.
साखर दवाखान्याच्या कागदावर होती तेवढीच आली.
एक मी झाडावरच ठेवलं.
का, ते मलाही सांगता येत नाही.

संध्याकाळी दारात बसतो.
झाड सरळ आहे.
समोर गल्लीच्या तोंडावरचा खांब
घरांकडं कललाय.
पोरं त्याला टेकून मोबाइल बघतात.
लोक नव्या लाइनमनला म्हणतात, अरे, बघ जरा.
तो म्हणतो, साहेबाच्या कानावर घालतो.
मी गप्प बसतो.
त्या साली मुरमाचा ट्रॅक्टर आलाच नाही,
आणि अंधार पडायच्या आत
खांब उभा करायचा होता.